किरणोत्सर्गी कचरा जिओपॉलिमरमध्ये बंद करताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

जिओपॉलिमर म्हणजे सिलिका-ॲल्युमिनाची पावडर तीव्र अल्कली द्रावणात कालवून बनणारा, सिमेंटसारखा घट्ट होणारा पदार्थ. त्यावर काम सुरू करणारे बहुतेक जण एकाच जागी अडकतात. आधी मस्त घट्ट, दगडासारखा मिक्स बसवतात, कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ मोजून खूश होतात आणि मग त्यात कचरा "किती टक्के बसतो" ते बघायला लागतात. पण कचरा म्हणजे काही निमूट पडून राहणारी खडी नाही, त्यात पाणी असतं, आम्ल असतं, मीठ असतं, कधी अमोनियम तर कधी धातूचे तुकडे असतात, आणि हे सगळं तुमच्या मिक्सशी रिॲक्शन करतं, त्यामुळे आधी बसवलेलं गणित पहिल्याच दिवशी कोलमडतं. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी कचरा, मग हिशोब, मग मिक्स.

खाली जे लिहिलंय ते कमी आणि मध्यम पातळीच्या कचऱ्यासाठी आहे, म्हणजे स्लज (गाळ), वापरलेली आयन एक्सचेंज रेझिन्स (पाण्यातले आयन पकडणारे प्लास्टिकचे बारीक दाणे), इव्हॅपोरेटरमध्ये आटवलेलं घट्ट द्रावण वगैरे. उच्च पातळीच्या, स्वतःच्या उष्णतेने तापणाऱ्या कचऱ्यासाठी काच वापरतात, तो विषय वेगळा.

इशारा: सगळी जुळवाजुळव सिम्युलंटवर करायची, म्हणजे सीझियम, स्ट्रॉन्शियम यांची साधी, किरणोत्सर्गी नसलेली क्षारं वापरून. खरा कचरा फक्त परवाना असलेल्या जागी आणि तिथल्या रेडिएशन सेफ्टीवाल्यांच्या देखरेखीखालीच हाताळायचा. कॉस्टिक सोडा आणि सिलिकेटच्या द्रावणासाठी गॉगल आणि हातमोजे पहिल्या मिनिटापासून हवेत, डोळ्यात थेंब गेला तर प्रकरण गंभीर होतं.

## टप्पा १: कचऱ्याची कुंडली मांडा

फक्त "सीझियम आहे" एवढ्यावर पुढे जाऊ नका. किमान इतकं माहीत पाहिजे: कोणते न्यूक्लाइड (किरणोत्सर्गी अणूंचे प्रकार), एकूण पाणी किती, पीएच किती, कोणती क्षारं विरघळलेली आहेत, सेंद्रिय पदार्थ किती, धातूचे तुकडे आहेत का.

न्यूक्लाइडची यादी सगळ्यात आधी का, तर जिओपॉलिमर सगळ्यांना सारखं धरत नाही. त्याची जाळी सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमच्या चतुष्फलकांची असते, आणि प्रत्येक ॲल्युमिनियमपाशी एक ऋण भार उरतो, तो भागवायला सोडियम किंवा पोटॅशियम बसलेलं असतं. सीझियमही धन भाराचं, त्यामुळे तेही त्या जागी जाऊन बसतं, आणि साध्या पोर्टलँड सिमेंटपेक्षा जिओपॉलिमर सीझियमसाठी चांगलं पडतं ते यामुळेच. स्ट्रॉन्शियमही बऱ्यापैकी अडकतं.

पण आयोडाइड (आयोडीनचं रूप) आणि परटेक्नेटेट (टेक्नेशियमचं रूप) हे ऋण भाराचे. त्यांना या जाळीत जागाच नाही, ते छिद्रांमधल्या पाण्यात मोकळे फिरतात. आयोडीन-१२९ चं अर्धायुष्य दीड कोटी वर्षांच्या वर आणि टेक्नेशियम-९९ चं दोन लाख वर्षांच्या वर, तेव्हा "घट्ट झालंय ना, मग बास" इथे चालत नाही. टेक्नेशियमसाठी सल्फाइड असलेला स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा दुसरा कुठला तरी रिड्यूसिंग, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ लागतो, आयोडीनसाठी चांदीसारखा पदार्थ, जो त्याला आधीच न विरघळणाऱ्या रूपात पकडून ठेवेल. ट्रिशियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) तर पाण्याचाच भाग होऊन बसतं, ते पाण्याबरोबर जाणार.

तपासा: यादीत ऋण भाराचे न्यूक्लाइड आहेत का? असतील आणि पकडणारा पदार्थ ठरवलेला नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊच नका.

## टप्पा २: कचरा मिक्समध्ये जाण्यालायक करा

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त टाळतात, आणि नंतरच्या निम्म्या तक्रारी इथूनच येतात.

आम्ल. आम्लधर्मी स्लज तसाच घातला की तो तुमचा कॉस्टिक खातो आणि मिक्स दिवसेंदिवस ओलाच राहतो. आधी न्यूट्रल करा, किंवा किती अल्कली खाणार ते टायट्रेशनने काढा आणि तेवढं जास्तीचं धरा.

रेझिन. कॅटायन रेझिन (धन भाराचे आयन पकडणारं) हायड्रोजन रूपात असेल तर तेही तेच करतं. ओल्या रेझिनची क्षमता साधारण १.८ ते २ इक्विव्हॅलंट प्रति लिटर धरली तर एक लिटर रेझिन ७० ते ८० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड गिळतं, म्हणजे छोट्या बॅचमध्ये टाकलेला जवळपास सगळा कॉस्टिक गेला. शिवाय आयन बदलले की दाण्याचा आकारही बदलतो, आणि हा बदल घट्ट झालेल्या मिक्सच्या आत झाला तर तडे ठरलेले. म्हणून रेझिन आधी सोडियम रूपात आणा, पाण्यात पूर्ण फुगू द्या, मग गाळून निथळून घ्या. सुकं रेझिन कधीच घालू नका, ते पेस्टमधलं पाणी ओढतं आणि पुढे भिजलं की फुगून आतून फोडतं. फक्त आयन बदलताना एक बघा, रेझिनवर बसलेलं सीझियम सोडियमच्या द्रावणात थोडंफार सुटतं, ते द्रावण ओतून द्यायचं नसतं, मिक्सच्या पाण्यातच वापरायचं.

अमोनियम. रेझिनवर किंवा द्रावणात अमोनियम असेल तर कॉस्टिकशी गाठ पडताच अमोनिया वायू सुटतो. बंद हूडमध्ये नुसता त्रास होतो, बंद ड्रममध्ये दाब वाढतो. आधी काढून टाका.

ॲल्युमिनियमचे तुकडे. जिओपॉलिमरची पेस्ट खूप अल्कलाइन असते आणि ॲल्युमिनियम धातू त्यात विरघळत हायड्रोजन सोडत बसतो. ॲल्युमिनियमची भुकटी तर फोम जिओपॉलिमर बनवायला मुद्दाम घालतात, यावरून काय ते समजा! असा कचरा वेगळा काढा, आणि निवडून काढणं शक्यच नसेल तर जिओपॉलिमर ही तुमची वाट नाही.

बोरेट. सिमेंटमध्ये बोरेट सेटिंग लांबवतं आणि कधी कधी पार थांबवतं, जिओपॉलिमर ते जास्त सहन करतं हे खरंय, पण सहन करतं म्हणजे काहीच फरक पडत नाही असं नाही. बोरिक ॲसिडही अल्कली खातं, तेव्हा हिशोबात धरा आणि सेटिंग टाइम तुमच्याच बोरेटच्या प्रमाणावर मोजा.

चिलेटिंग एजंट. डिकंटॅमिनेशनच्या द्रावणातून इडीटीए, सायट्रेट, ऑक्झॅलेट येतात. हे धातूचे आयन धरून पाण्यात विरघळलेले ठेवतात, म्हणजे आपण जे करायला बसलोय त्याच्या नेमकं उलट. प्रमाण जास्त असेल तर आधी नष्ट करावे लागतात.

## टप्पा ३: पावडर निवडा

शक्य असेल तर मेटाकाओलिन. काओलिन माती साधारण ६५० ते ८०० अंश सेल्सिअसला भाजून ती बनते, घटक जवळपास ठरलेले असतात, आणि आजची पोती आणि पुढच्या वर्षीची पोती यांत फार फरक पडत नाही. कचऱ्याच्या कामात मिक्सचा कागद मंजूर करून घ्यावा लागतो आणि मग तोच मिक्स वर्षानुवर्षं तसाच बनवावा लागतो, त्यामुळे हे सातत्य ताकदीपेक्षा मोलाचं आहे.

फ्लाय ॲश स्वस्त, पाणी कमी लागतं, पेस्ट पातळ होते, पण कोळसा बदलला की राख बदलते. वापरायचीच असेल तर कमी कॅल्शियमची घ्या आणि प्रत्येक नव्या लॉटचं पृथक्करण करा, नुसत्या सप्लायरच्या सर्टिफिकेटवर जाऊ नका, कारण त्यात एकूण सिलिका आणि ॲल्युमिना लिहिलेले असतात आणि रिॲक्शनमध्ये उतरतो तो फक्त काचेसारखा, अस्फटिक भाग. क्वार्ट्झ आणि म्युलाइट तसेच बसून राहतात. स्लॅग रिड्यूसिंग गुणासाठी थोडा घालतात, पण त्यातल्या कॅल्शियममुळे सेटिंग झपाट्याने होतं आणि मिक्सर रिकामा करायला वेळ मिळत नाही.

सोडियम की पोटॅशियम? पोटॅशियमची पेस्ट पातळ राहते, ओतायला सोपी. सोडियम स्वस्त, आणि बऱ्याच कचऱ्यात सोडियम आधीपासूनच असतं. दोन्ही चालतात, पण एक ठरवा आणि तेच धरून ठेवा.

## टप्पा ४: हिशोब मोलमध्ये करा, टक्क्यांत नाही

लेखांमध्ये "१० मोलर कॉस्टिक, सिलिकेट आणि कॉस्टिकचं प्रमाण २.५" असं लिहिलेलं असतं आणि लोक ते डोळे मिटून उचलतात. त्यातून आत काय गेलं ते कळत नाही. चार आकडे काढायचे: सिलिकॉन भागिले ॲल्युमिनियम (साधारण १.७ ते २.१), सोडियम भागिले ॲल्युमिनियम (१ च्या आसपास), पाणी भागिले सोडियम ऑक्साइड (११ ते १३ च्या घरात), आणि कचऱ्याचं कोरडं वजन भागिले एकूण वजन.

उदाहरण करून बघू. शुद्ध मेटाकाओलिन १ किलो, रेणूभार सुमारे २२२, म्हणजे ॲल्युमिनियम ९ मोल आणि सिलिकॉनही ९ मोल. सिलिकॉन-ॲल्युमिनियम १.९ आणि सोडियम-ॲल्युमिनियम १ पाहिजे. म्हणजे वरून ८.१ मोल सिलिकॉन आणि ९ मोल सोडियम घालायचं.

आता वॉटरग्लास (सोडियम सिलिकेटचं द्रावण) २९ टक्के सिलिका, ९ टक्के सोडियम ऑक्साइड, ६२ टक्के पाणी असं घेतलं तर ८.१ मोल सिलिकॉनसाठी ते सुमारे १६८० ग्रॅम लागतं. त्यातून ४.९ मोल सोडियम येतं, उरलेल्या ४.१ मोलसाठी १६५ ग्रॅम घन कॉस्टिक. पाणी मोजा: एकट्या वॉटरग्लासमधूनच १०४० ग्रॅम येतं, कॉस्टिकमधून बनणारं धरून पाणी-सोडियम ऑक्साइड १३.३ वर पोचलं. म्हणजे आपण बाहेरून एक थेंब न घालता मर्यादेच्या वर गेलो.

आणि लोक काय करतात, तो १६५ ग्रॅम कॉस्टिक १० मोलर द्रावण करून घालतात. त्यासोबत आणखी सुमारे ३८० ग्रॅम पाणी येतं आणि आकडा १८ वर जातो. त्यात ओला स्लज. मग विचारतात वर पाणी का सुटतंय.

हेच २९.४ टक्के सिलिका आणि १४.७ टक्के सोडियम ऑक्साइडवालं वॉटरग्लास घेतलं तर १६५५ ग्रॅम लागतं, घन कॉस्टिक फक्त ४६ ग्रॅम, आणि आकडा ११.५ वर थांबतो. थोडी जागा उरली, ती कचऱ्यातल्या पाण्याला. वॉटरग्लास कोणतं घेताय त्यावर कचरा किती बसेल हे ठरतं, लोडिंग लोडिंग म्हणून जे डोकं खाजवतात त्यांनी आधी बाटलीवरचं लेबल वाचावं.

जिओपॉलिमरमध्ये पाण्याला एवढं महत्त्व का, हेही समजून घ्या. पोर्टलँड सिमेंटमध्ये पाण्याचा मोठा भाग हायड्रेट्समध्ये बांधला जातो. इथे तसं होत नाही, पाणी फक्त रिॲक्शनला माध्यम म्हणून लागतं आणि शेवटी बहुतेक सगळं छिद्रांमध्ये मोकळं राहतं. म्हणजे जास्तीचं पाणी = जास्तीची छिद्रं = सीझियमला बाहेर पडायला जास्तीच्या वाटा, आणि वर रेडिएशनने त्याच पाण्यातून हायड्रोजन तयार होतो ते वेगळंच (त्याबद्दल शेवटी).

तपासा: कचऱ्यातलं पाणी, कचऱ्यातलं सोडियम आणि कचऱ्याने खाल्लेली अल्कली हे तिन्ही आकडे हिशोबात आलेत का? सोडियम-ॲल्युमिनियम १ च्या बरंच वर गेलं तर जास्तीचं सोडियम बाहेर येऊन पृष्ठभागावर कार्बोनेटचा पांढरा थर धरतं, बरंच खाली गेलं तर मेटाकाओलिनचा काही भाग कच्चा राहतो.

## टप्पा ५: ॲक्टिव्हेटर आदल्या दिवशी करा

ॲक्टिव्हेटर म्हणजे पावडरची रिॲक्शन सुरू करणारं कॉस्टिक आणि सिलिकेटचं द्रावण. कॉस्टिक वॉटरग्लासमध्ये (किंवा ठरलेल्या पाण्यात) थोडं थोडं टाकत ढवळा, भांडं प्लास्टिकचं किंवा स्टीलचं, बाहेरून थंड पाणी. खूप तापतं. पूर्ण विरघळलं की झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा. गरम ॲक्टिव्हेटर घातलं की पेस्ट हातातच घट्ट होते, आणि झाकण उघडं राहिलं तर पाणी उडतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि कालचा हिशोब आज खोटा पडतो.

तपासा: द्रावण खोलीच्या तापमानाला आलंय, पारदर्शक आहे, तळाशी काही बसलेलं नाही, आणि वजन काल होतं तेवढंच आहे. वजन कमी भरलं तर तेवढं पाणी परत घाला.

## टप्पा ६: मिसळण्याचा क्रम

इथे एकच एक क्रम सगळ्यांना लागू होत नाही, कचऱ्याप्रमाणे बदलतो.

१. विरघळलेला कचरा (उदा. बोरेटचं घट्ट द्रावण): हेच तुमचं पाणी समजा. कॉस्टिक यातच विरघळवा, मग सिलिकेट, शेवटी पावडर. पण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा स्ट्रॉन्शियम विरघळलेलं असेल तर सिलिकेटमध्ये पडताक्षणी जेलीसारख्या गुठळ्या होतात. अशा वेळी पावडर आणि ॲक्टिव्हेटरची पेस्ट आधी करून घ्या आणि हे द्रावण हळूहळू शेवटी घाला.

२. स्लज: आधी पावडर आणि ॲक्टिव्हेटर पाच-दहा मिनिटं, पेस्ट एकजीव आणि चकचकीत झाली की मग स्लज. स्लजचे गोळे आधीच फोडून घ्या, नंतर फुटत नाहीत.

३. रेझिन: सगळ्यात शेवटी, आणि हळू. जोरात फिरवलं तर दाणे चुरडतात. ओलं रेझिन पेस्टपेक्षा बरंच हलकं असतं, पेस्ट पातळ झाली की ते वर तरंगतं, म्हणून इथे पेस्ट थोडी दाटच ठेवायची.

सिम्युलंटमध्ये सीझियम किती घालायचं हा नेहमीचा घोळ. सीझियम-१३७ च्या एका ग्रॅमची ॲक्टिव्हिटी सुमारे ३.२ टेराबेकरेल असते, म्हणजे १ गिगाबेकरेल म्हणजे फक्त ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास सीझियम. खऱ्या कचऱ्यात ते वजनाने नगण्य असतं. मोजायला सोपं पडतं म्हणून लोक २ टक्के सीझियम घालतात, तेव्हा ते मिक्सचा घटकच बनून बसतं आणि निकाल मूळ कचऱ्याबद्दल फारसं काही सांगत नाही. मोजमापाला पुरेल एवढंच घाला, आणि त्यासाठी आयसीपी-एमएस किंवा ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन (द्रावणातले धातू मोजायची उपकरणं) वापरा, साधं आयसीपी-ओईएस सीझियमच्या बाबतीत कमजोर आहे.

सिम्युलंटमध्ये टेक्नेशियमऐवजी रेनियम वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं, रेनियम टेक्नेशियमपेक्षा अवघड रिड्यूस होतं. स्लॅगच्या मिक्समध्ये रेनियम निसटलं म्हणजे टेक्नेशियमही तितकंच निसटेल असं म्हणता येत नाही.

इशारा: पेस्ट दाट वाटली म्हणून शेवटच्या क्षणी पाण्याचा शिडकावा मारू नका. मेटाकाओलिनचे कण पापुद्र्यासारखे असतात, पेस्ट सुरुवातीला दाट वाटणारच, ढवळत राहिलं की सैल होते. पाच मिनिटं धीर धरा.

## टप्पा ७: ओतणं आणि क्युअरिंग

मोल्डला आतून प्लास्टिक, कारण पेस्ट धातूला आणि काचेला घट्ट चिकटते. दोन-तीन थरांत ओता, हवेचे बुडबुडे काढायला थोडं व्हायब्रेशन द्या, रेझिन असेल तर अगदीच थोडं, नाहीतर दाणे वर गोळा होतात.

मग लगेच सील करा. हा मुद्दा मोठ्या अक्षरात लिहायचा तर लिहा. उघड्यावर ठेवलेल्या नमुन्यातून पाणी रिॲक्शन पूर्ण होण्याआधीच उडतं, वरून कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात, आणि लोक समजतात मिक्स वाईट होता. ओव्हन वापरायचाच तर ४० ते ६० अंश आणि पूर्ण सीलबंद, पण माझं म्हणाल तर खोलीच्या तापमानालाच ठेवा, कारण खऱ्या प्लँटमध्ये २०० लिटरचा ड्रम कोणी ओव्हनमध्ये घालणार नाही. स्लोव्हाकियातल्या यास्लोव्स्के बोहुनित्से इथे आणि चेक प्रजासत्ताकातल्या अणुवीज केंद्रांवर स्लज आणि रेझिनसाठी सियाल नावाचं जिओपॉलिमर वापरलं जातं, तेही खोलीच्या तापमानालाच, ड्रममध्येच मिसळून.

तपासा: २४ तासांनी वर मोकळं पाणी आहे का? अमेरिकेच्या नियमात (१० सीएफआर ६१) स्थिर रूपात आणलेल्या कचऱ्यात मोकळं द्रव आकारमानाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. पाणी दिसलं की ते पुसून टाकून फोटो काढू नका, टप्पा ४ वर परत जा.

रिॲक्शन झाली का हे बघायला एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तनाचा आलेख) पुरतं. मेटाकाओलिनचा पसरट उंचवटा तांबं वापरलेल्या क्ष-किरण ट्यूबवर २२-२३ अंशांच्या आसपास असतो, तो सरकून २७ ते २९ अंशांवर आला की जाळी बनली. जुना उंचवटा अजून दिसत असेल तर पावडर कच्ची आहे, अल्कली कुठे गेली ते शोधा.

## टप्पा ८: टेस्ट, आणि त्यांचा खरा अर्थ

ताकद करून टाका, पण त्यात जास्त अडकू नका. अमेरिकन न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनची सिमेंटसारख्या वेस्ट फॉर्मसाठीची अपेक्षा ५०० पीएसआय आहे, म्हणजे जेमतेम ३.५ मेगापास्कल. बरा जिओपॉलिमर हे सहज ओलांडतो. चाळीसवरून पन्नास मेगापास्कल केल्याने सीझियमला काही फरक पडत नाही.

खरी टेस्ट लीचिंगची, म्हणजे पाण्यात ठेवल्यावर आतून काय किती बाहेर येतं त्याची. एएनएसआय/एएनएस १६.१ या अमेरिकन प्रमाणित पद्धतीमध्ये नमुना डीमिनरलाइज्ड पाण्यात ठेवून २ तास, ७ तास, २४ तास, मग पाचव्या दिवसापर्यंत रोज, आणि पूर्ण टेस्ट असेल तर १९, ४७ आणि ९० व्या दिवशी पाणी पूर्ण बदलायचं. पाण्याचं आकारमान भागिले नमुन्याचा पृष्ठभाग १० सेंटिमीटर ठेवायचं. ५ सेंटिमीटर व्यासाचा आणि १० सेंटिमीटर उंचीचा सिलिंडर घेतला तर पृष्ठभाग १९६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर वेळी १.९६ लिटर पाणी. बरेच जण वरखालचे गोल विसरतात आणि फक्त बाजू मोजतात, तेव्हा पृष्ठभाग २० टक्क्यांनी कमी भरतो.

या टेस्टमधून लीचेबिलिटी इंडेक्स निघतो, म्हणजे डिफ्युजिव्हिटीच्या (आयन किती वेगाने पसरतो त्या आकड्याच्या) लॉगची चिन्ह बदललेली सरासरी. ६ च्या वर आला की पास. आता इथे जरा थांबा. साध्या पाण्यात मोकळ्या सीझियम आयनची डिफ्युजिव्हिटी सुमारे २ गुणिले दहाचा उणे पाचवा घात, चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद. याचा इंडेक्स काढला तर ४.७ येतो. म्हणजे ६ वर पास झालेला नमुना सीझियमला नुसत्या पाण्यापेक्षा फक्त वीसेक पट अडवतोय. "६.५ आला, टेस्ट पास" म्हणून पेपर लिहायचा असेल तर लिहा, पण आकडा लॉगमधला आहे हे विसरू नका, ९ आणि १० मध्ये दहापट फरक असतो.

चुका कुठे होतात ते सांगतो. भांडं काचेचं घेणं: लीचेट (टेस्टचं पाणी) अल्कलाइन होतं, काच खातं, सिलिकॉनचे आकडे बिघडतात. टेस्टआधी नमुना थोडा वेळ पाण्यात धुऊन घ्यायचा असतो, तो न धुणं. सुरुवातीचं सीझियम नमुन्यात नेमकं किती होतं हे कागदावरच्या वजनावरून धरणं, तोडून मोजणं नाही. सूत्रात या आकड्याचा वर्ग येतो, १० टक्के चूक असेल तर डिफ्युजिव्हिटी २० टक्क्यांनी चुकते. आणि एकूण सीझियमच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त बाहेर आलं तर साधं सूत्र लागूच पडत नाही, आकारानुसार दुरुस्ती करावी लागते, हे तर कोणी वाचतच नाही.

एकत्रित बाहेर आलेल्या भागाचा लॉग वेळेच्या लॉगसमोर मांडा. उतार ०.५ च्या आसपास असेल तर डिफ्युजन, ०.३५ च्या खाली असेल तर फक्त वरचं धुऊन निघतंय, ०.६५ च्या वर गेला तर नमुना स्वतःच विरघळतोय. तिसरी गोष्ट दिसली तर इंडेक्स कितीही चांगला असू दे, मिक्स नापास समजा.

काही जण टीसीएलपी करून मोकळे होतात. ती चुरा केलेल्या नमुन्याची, ॲसेटिक ॲसिडमधली, १८ तासांची टेस्ट आहे, घातक रासायनिक कचऱ्यासाठी. अखंड ठोकळ्यातून आयन किती वेगाने बाहेर येतो हे ती सांगत नाही.

याशिवाय थर्मल सायकलिंग (६० पासून उणे ४० अंशांपर्यंत, ३० फेऱ्या), ९० दिवस पाण्यात बुडवणं आणि दहा लाख ग्रेपर्यंत गॅमा इरॅडिएशन. रेझिनचे नमुने बहुतेक वेळा बुडवण्याच्या टेस्टमध्येच फुटतात, तेव्हा ती आधी लावा, बाकीचा वेळ वाचेल.

## टप्पा ९: ड्रमवर जाताना

प्रयोगशाळेतला १०० मिलिलिटरचा नमुना आणि २०० लिटरचा ड्रम यांत मुख्य फरक उष्णतेचा. रिॲक्शन उष्णता सोडते, छोट्या नमुन्यातून ती लगेच निघून जाते, ड्रमच्या मध्यभागी अडकते. मध्य तापतो, कडा थंड राहते, तडे जातात, आणि मधली पेस्ट अपेक्षेच्या कितीतरी आधी घट्ट होते. म्हणून थेट उडी नको, मध्ये १० ते २० लिटरची एक पायरी ठेवा, मध्यभागी आणि कडेला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घाला. मध्य फार तापत असेल तर थोडी वाळू किंवा क्वार्ट्झ पावडर घाला, ॲक्टिव्हेटर थंड करून वापरा.

ड्रमचं पहिलं सिम्युलंट बॅच घट्ट झालं की ते उभं कापा. होय, कापाच. वर, मध्ये आणि खाली रेझिन सारखं पसरलंय का, मिक्सरच्या पात्याखाली कोरडी पावडर राहिलीय का, हे कापल्याशिवाय कळत नाही. तिन्ही ठिकाणचे कोअर काढून लीचिंग वेगवेगळं करा.

आणि हायड्रोजन. छिद्रांतल्या पाण्यावर रेडिएशन पडलं की हायड्रोजन तयार होतो, शुद्ध पाण्यात गॅमासाठी दर १०० इलेक्ट्रॉनव्होल्टमागे साधारण ०.४५ रेणू, अल्फासाठी त्याच्या कितीतरी जास्त. कचऱ्यात नायट्रेट असेल तर हे प्रमाण घटतं, सेंद्रिय रेझिन असेल तर रेझिनमधूनही वायू येतो. तुमच्या ड्रमचा वर्षाचा डोस, पाण्याचं प्रमाण आणि हा आकडा घेऊन लिटर काढा, आणि मग ठरवा की झाकणाला फिल्टर लावलेलं व्हेंट पुरेल की ओतल्यानंतर नियंत्रित पद्धतीने सुकवून पाणी कमी करावं लागेल. सुकवायचं तर पूर्ण क्युअरिंगनंतरच आणि हळू, आणि सुकवलेल्या ठोकळ्यावर लीचिंग पुन्हा पहिल्यापासून, कारण तो आता वेगळा पदार्थ आहे.

प्रत्येक ड्रमसोबत पावडरचा लॉट नंबर, वॉटरग्लासचं पृथक्करण, कचऱ्यातलं पाणी, मिसळायला लागलेला वेळ आणि ओतताना पेस्टचं तापमान एवढं लिहून ठेवा, आणि त्याच बॅचचे तीन छोटे नमुने सीलबंद करून बाजूला ठेवा. ड्रम पुढे कोणी उघडणार नाही, शंका आली तर तेच नमुने तपासता येतात.